त्या वर्षीचं घट्ट हारोसेत

मावशी, तुला जाऊन महिनाही झाला नाही आणि एस्तेरचा फोन आला. तिकडून, इस्रायलातून. म्हणाली, "सुनंदाताई, यंदाच्या सणाला आत्याच्या नावानं आम्ही सगळे ते घट्ट हारोसेत करणार आहोत. मी आले होते त्या वर्षी तुम्ही केलं होतं ना, तसं. कसं केलं होतं तेवढं सांगा."

मी म्हटलं, "काही नाही गं. आच मंद ठेवायची."

तुलाही मी हेच सांगितलं होतं. तेव्हा तू विश्वास ठेवलास, आता तुझ्या भाचीनं ठेवला. फोन ठेवला आणि ओट्याला धरून उभी राहिले.

आणखी एक सांगून टाकते. तू गेल्याचं कळलं त्या सकाळी मी रडले, खरंच रडले. पण रडता रडता मनात आलं, चला, आता विचारणारं कुणी उरलं नाही. तुझे पाय अजून नीट गार झाले नसतील. असली मी. आता काय झालं होतं ते क्रमानं सांगते. तू असताना सांगायचं होतं, ते तू नसताना सांगतेय, हाही माझाच भित्रेपणा.

खामगावात तुम्हा ज्यूंचं एकच घर. तू कुलाब्याकडची, अलिबागच्या बाजूची. काका जिनिंगमध्ये मेकॅनिक म्हणून इकडे आले आणि तुम्ही इथलेच झालात. नव्या माणसाला तू स्वतःच सांगायचीस, "आमच्याकडे आम्हाला शनवार तेली म्हणत. शनिवारी घाणा बंद ठेवणारे. आणि नशीब बघा, लग्न करून आले ती तेलाच्या गिरण्यांच्या गावात! वाऱ्याबरोबर माहेरचा वास येतो." पुढच्या खोलीत तुझा टायपिंगचा क्लास, आपल्या दोन घरांच्या मधे एक कुंपण, आणि कुंपणाला तू मुद्दाम ठेवलेली फट. समोरच्या दारानं आले की मी "मॅडम, तुम्ही" म्हणायची. फटीतून आले की "मावशी, तू". क्लासमध्ये तुझा एकच कायदा होता. चूक झाली तर खाडाखोड नाही, कागद बदला, पहिल्यापासून मारा. त्या कायद्यावरच मला तहसिलीत टायपिस्टची नोकरी लागली. पेढे घेऊन आले तर म्हणालीस, "पेढे ठेव तिकडे. आधी 'मले लागली, मले लागली' बंद कर, साहेबासमोर 'मला' म्हण." आणि मग स्वतःच आईला कुंपणावरून ओरडून सांगितलंस, "अवं बाई, तुमच्या पोरीले नोकरी लागली नं!"

हारोसेत पहिल्यांदा पाहिलं तेव्हा आम्हाला ती चटणी वाटली होती. काळा खजूर रात्रभर भिजवायचा, सकाळी त्याच पाण्यात उकळायचा, मलमलीच्या कपड्यातून पिळायचा आणि तो रस कल्हईच्या पातेल्यात आटवत बसायचं. वरून बदाम, अक्रोड, पिस्ते जाडसर कुटून. साखर नाही, गूळ नाही, वेलचीचा दाणासुद्धा नाही. आई म्हणाली, "एवढा खजूर आटवून एवढुसंच? एवढ्यात आमचं लगन झालं असतं." तेव्हा तू सांगितलंस की तुमचे पूर्वज मिसर देशात गुलाम होते, तिथे त्यांना विटा थापाव्या लागल्या, आणि हा त्या विटांचा गारा. कडू पाला ह्याच्यात बुडवून खायचा, म्हणजे गुलामीही आठवते आणि सुटकाही.

आई हातातलं काम थांबवून बघत राहिली. "म्हंजे तुमच्या लोकायलेबी विटा थापा लागल्या?"

"हो तर."

"माह्या बापाची सारी जिनगानी वीटभट्टीवर गेली, बाई. पण त्याचा गारा काही असा गोड नोयता."

तू हसलीस, हसता हसता डोळे पुसलेस, आणि पातेल्यातली पहिली वाटी आईला काढून दिलीस. त्या वर्षापासून पहिली वाटी आईची. घरची माणसंसुद्धा नंतर.

आणि तो कणकेचा डबा. सणाच्या आधी तुझ्या घरातून गव्हाचं, आंबवलेलं सगळं बाहेर जायचं. कणीक, रवा, शेवया, काकांची चहाबरोबरची बिस्किटं. आठ दिवस कणभरही घरात चालायचं नाही. तुमची जुनी माणसं ह्याला अनाशी ढाकाचा सण म्हणत. आंबवणाचं भांडं झाकून ठेवायचा सण. तू फळ्या गरम पाण्यानं धुवायचीस, डब्यांचे कोपरे काडीनं कोरायचीस, आणि शेवटी कणकेचा स्टीलचा डबा, झाकणावर काकांचं नाव कोरलेला, कुंपणाच्या फटीतून आमच्याकडे यायचा.

"आता ही तुमची. माझी नाही."

पहिल्या खेपेला आई म्हणाली होती, "ठेवतो नं, सण झाला की वापस घेऊन जा."

"तसं नाही चालत. 'आमची' म्हणा."

"अवं, पण कणीक तं तुमची..."

"म्हणा हो!"

"बरं बाई, आमची!" आई वैतागून म्हणाली, आणि मग तुम्ही दोघी किती वेळ हसत होतात. पुढे ते ठरूनच गेलं. आई गेल्यावर 'आमची' मी म्हणायला लागले.

मी तुझ्याशी ह्यावरून भांडलेही. वस्तीतली भाषणं ऐकून आले होते, डोकं गरम होतं. म्हटलं, "मावशी, देव काय कणकेचे कण मोजत बसतो का?" तू बदाम कुटत होतीस. खाली बघतच म्हणालीस, "देवाचं नंतर बघू. तुझ्या आज्यानं देव्हारा उचलून नदीत सोडला ना?"

"हाव. मग?"

"मग उद्या कुणी त्यातलाच एक देव तुमच्या तांदळाच्या डब्यात लपवला, तुम्हाला न सांगता, तर?"

"तर काय होते? काहीच होत नाही."

"बरोबर. भात तसाच शिजेल. फक्त त्यानं तुझा आजा खोटा पाडला असेल."

भांडण तिथेच राहिलं, पण मला ते कळलं होतं, मावशी. म्हणूनच मला समजत नव्हतं अशी पळवाट मला नाही.

आता ते वर्ष. तू अंगणात घसरलीस आणि उजवं मनगट प्लास्टरमध्ये गेलं. त्यातच एस्तेर लग्नानंतर पहिल्यांदा नवऱ्याला घेऊन सणाला येणार होती. तू ट्रंकेतलं पातेलं, पळी आणि मलमल, जुन्या लुगड्यात गुंडाळलेली, एका हातानं माझ्या ओट्यावर आणून ठेवलीस. वर्षाचे बाकीचे दिवस त्या भांड्यांना तू हातही लावू द्यायची नाहीस. म्हणालीस, "भांडं माझं, हात तुझा. चालेल." देखरेख करायला आली नाहीस. येऊ का, असंही विचारलं नाहीस. कितीदा वाटतं, एकदा डोकावली असतीस तर.

तुझा सण त्या वर्षी जयंतीच्या आदल्या दिवशी आला होता. गल्लीत निळ्या पताका लागत होत्या आणि दुसऱ्या दिवशीच्या कार्यक्रमात मला पहिल्यांदाच स्टेजवर चार शब्द बोलायचे होते. त्याची तालीम संध्याकाळी. पोरी सारख्या दारात यायच्या, "ताई, चला नं, सारे थांबून राह्यले!" साडी इस्त्रीला द्यायची होती, भाषण पाठ करायचं होतं. लोक आपल्याकडे बघणार म्हटल्यावर माणूस किती मूर्ख होतो! त्या नादात मी खजुरात पाणी जास्त घातलं होतं. रस आटता आटेना. तू शिकवलं होतंस तसा थेंब बशीवर टाकला, बशी तिरकी केली. पळाला. परत थोड्या वेळानं. परत पळाला. सरबतासारखा सरळ काठापर्यंत. तिकडे ऊन उतरत होतं, तुझे पाहुणे येऊन बसले होते.

ओट्यावर तुझाच डबा होता. कालच आलेला. कालच मी 'आमची' म्हटलेला.

मी चमचाभर कणीक घेतली, तव्यावर भाजली, पाण्यात कालवली आणि पातेल्यात ओतून ढवळली. रस्सा पातळ झाला की करतो तसंच. कणीक कोरडीच भाजली. तूप घातलं नाही, कारण तुमच्यात मटणाबरोबर दूधदुभतं चालत नाही हे मला त्या घाईतही आठवलं. बघ म्हणजे. एवढं आठवलं, आणि तरी हात थांबला नाही.

रसानं लगेच धरलं. छान चकाकी आली. थेंब टाकला, बशी उभी केली, हलला नाही. तू घरातून वाजतगाजत बाहेर काढलेली कणीक मी तुझ्याच भांड्यात घालून तुझ्या ताटात परत पाठवली.

दिवेलागणीला तू पाटावर बसलीस, गळ्यात अडकवलेला हात मांडीवर घेऊन. एस्तेरनं पुस्तकातलं वाचलं. कडू म्हणून तू कडुलिंबाचा कोवळा पाला घ्यायचीस, "इथं हेच मिळतं, आणि ह्याच्याइतकं कडू मिसरातही नसेल." पाला हारोसेतमध्ये बुडवून तोंडात घातलास आणि डोळे मिटलेस. मला वाटलं, कळलं.

"एस्तेर," तू डोळे न उघडताच म्हणालीस, "चाख. अगं, हे माझ्या आईच्या हातचं आहे. असंच, असंच घट्ट असायचं." मग माझ्याकडे वळलीस. "नंदे, कसं केलंस गं? मी एवढी वर्षं आटवतेय, मला नाही कधी जमलं."

"आच मंद ठेवली," मी म्हटलं.

"घ्या! आणि मी हिला टायपिंग शिकवत बसले!"

सगळे हसले. मीही हसले. मावशी, खरं सांगू? त्या वेळी मला लाज वाटली नाही. मला बरं वाटलं. तालमीला गेले ती हवेत गेले.

लाज पुढच्या दिवसांत आली. उरलेलं तू झाकून ठेवलं होतंस आणि रोज तांदळाच्या भाकरीवर चमचाभर घ्यायचीस, पुरवून पुरवून. मी फटीतून यायची आणि तू दाखवायचीस, "अजून आहे बघ." त्यातल्या कुठल्याही दिवशी मी बोलले असते तर निदान पुढचा चमचा वाचला असता. रोज ठरवून यायची. रोज तू म्हणायचीस, बस, चहा टाकते, आणि मी बसायची.

तुझं मनगट नीट धरलं नाहीच. त्यामुळे नंतरही दर वर्षी मीच करत आले, आणि प्रामाणिकपणे करत आले. मोजून पाणी, ताजी मलमल, कणकेचा डबा सण होईपर्यंत पलीकडच्या शेजारी नेऊन ठेवायची, घरातसुद्धा नको. आणि दर वर्षी तू चाखून म्हणायचीस, "छान झालंय." मग जरा थांबून, "पण त्या वर्षीचं..." खोटं केलं त्याचं तू गावभर कौतुक केलंस, आणि खरं केलेलं प्रत्येक वेळी त्या खोट्यापुढे उणं पडलं. ह्याहून नेमकी शिक्षा तुलाही सुचली नसती, आणि तू तर ती प्रेमानं देत होतीस.

एकदा मी तुझ्यावर खेकसले. "मले नाही जमत तसं! दर वर्षी तेच तेच! दुसऱ्या कोनाले सांग नं!"

तू दचकलीस. "अगं, रागावतेस काऊन?" चिडलेल्या माणसाशी तू आमचीच बोली बोलायचीस. "म्हाताऱ्या तोंडाचं काय मनावर घेतेस. चुकलं माझं."

चुकलं माझं, असं तू म्हणालीस. मला. आणि मी ते ऐकून घेतलं, "जाऊ दे," म्हटलं आणि घरी आले.

त्या वर्षाच्याही आधी, आईच्या शेवटच्या आजारात, तू रोज क्लास संपवून यायचीस. मी कचेरीतून येईपर्यंत तिच्याजवळ बसायचीस, तिची वेणी घालायचीस. आईच्या डोक्यावर मूठभर केस उरले होते. "तुह्या बोटाले टायपिंगची सवय हाय, वेनी कशी टपटप होते," असं आई म्हणायची. त्या दिवसांबद्दल मी तुला कधी साधं 'बरं झालं तू होतीस' असंही म्हटलं नाही. तेव्हा राहून गेलं, आणि पुढे तुझ्याशी मोकळं बोलायचं म्हटलं की वाटेत तो चमचा आडवा यायचा. एक गोष्ट लपवली की तिच्या शेजारच्या चांगल्या गोष्टीही आतच राहतात, हे मला उशिरा कळलं.

दवाखान्यात शेवटची भेट झाली, तेव्हा तुझा आवाज अगदी बारीक झाला होता. मी मोसंबी सोलत होते. तू म्हणालीस, "सणाला मी घरी येते की नाही कोण जाणे. पण तू कर. त्या वर्षीसारखं कर." मी तोंड उघडलं होतं, मावशी. शपथेवर सांगते, 'मावशी, त्या वर्षी' इथपर्यंत शब्द आले होते. तू इतक्या आशेनं बघितलंस की मी म्हटलं, "करते." आणि मोसंबीची फोड तुझ्या तोंडात दिली.

मग तुला पुण्याला, तुमच्या लोकांत नेलं. इथे पुरायला तुमची जागा नाही.

एस्तेरला फोनवर तेच खोटं पुन्हा सांगितल्यावर रात्रभर मला तुझ्या क्लासचा कायदा आठवत राहिला. दुसऱ्या दिवशी मी तिला फोन लावला आणि सगळं सांगितलं. कणीक कुठली, डबा कुणाचा, तेही. कारण नाही सांगितलं. स्टेज, साडी, तालीम, हे तिला सांगायला तोंड झालं नाही. म्हणून तुला सांगितलं.

पलीकडे तिचं पोर काहीतरी मागत होतं.

"आत्याला माहीत होतं?"

"नाही."

"नक्की नाही?"

"नाही गं. मीच नाही सांगितलं."

"आणि आम्ही आठ दिवस..." तिनं वाक्य सोडून दिलं. मग म्हणाली, "तिला सांगायला पाहिजे होतं, ताई. ती रागावली असती आणि मग तुम्हाला माफ केलं असतं. आता मी तिच्या वतीनं काय म्हणू? मला नाही म्हणता येत." थोड्या वेळानं म्हणाली, "ठेवते." तिचा फोन परत आला नाही. मी वाटही बघत नाही. बरोबरच बोलली ती.

आज तुझा सण. तुझ्या घराची किल्ली माझ्याकडेच आहे. सकाळी फटीतून आत गेले. क्लासमधल्या मशीनवर कापडं तशीच आहेत. स्वयंपाकघरात फळीवर काकांच्या नावाचा डबा होता, अर्धा भरलेला. यंदा तो बाहेर काढायला कोण होतं? मी डबा हातात घेऊन उभी राहिले. 'आता ही तुमची' असं म्हणणारं माणूस नाही आणि त्याशिवाय माझ्या 'आमची'ला काय अर्थ? पण सणाच्या दिवशी तुझ्या घरात कणीक ठेवून बाहेर पडवेना. डबा उचलून कुंपणापलीकडे नेला आणि मोठ्यानं म्हटलं, "आमची." रस्त्यानं जाणारी बाई वळून बघायला लागली.

त्या डब्याला आज पुन्हा हात लावला नाही. ट्रंकेतलं पातेलं आणलं. खजूर काल रात्रीच भिजवला होता. उकळला, पिळला, आटवायला ठेवला आणि उभी राहिले. फोन बंद केला होता, दार लावून घेतलं होतं. कुठेच जायचं नव्हतं. थेंब टाकला, पळाला. ढवळलं. परत पळाला. ऊन ओट्यावरून खाली उतरलं, भिंतीवर चढलं. पाय दुखायला लागले. इथवर आलं की दर वर्षी मी गॅस बंद करायची, हे आज लक्षात आलं. त्या प्रामाणिक वर्षांतही. एवढं पुरे, म्हातारीला काय कळतंय, असं म्हणून. आज बंद केला नाही. रस काळा झाला, बुडबुडे जड झाले, पळी ओढली की मागे वाट राहायला लागली.

कणीक नाही, काही नाही. नुसता खजूर आणि आच.

थेंब टाकला. बशी तिरकी केली. मग उभीच केली.

हलला नाही, मावशी. त्या वर्षीपेक्षा घट्ट झालंय. पहिली वाटी काढून ठेवली आणि आता ती घेऊन फटीपाशी उभी आहे.